मांडवीच्या बर्फखान्यात मी मुका झालो तेव्हा

मित्रांनो, बर्फ घातलेले कोकमचे सरबत तुम्ही आवडीने प्यायला असाल. पण तो बर्फ जिथे होतो तिथे डोकावून पाहण्याची बुद्धी तुमच्यापैकी किती जणांना झाली? डोकावला असतात तरी मी दिसलो नसतो म्हणा. मी एक जुना पोलादी व्हॉल्व आहे. रत्नागिरीत मांडवीच्या बंदराजवळ एक बर्फखाना आहे, तिथल्या नळीच्या ऐन मध्यावर मला बसवले आहे. एक्स्पान्शन व्हॉल्व असे माझे भारदस्त नाव. अंगाने मात्र मी नारळाएवढा, आणि तेवढे अंगही हिमाच्या थराखाली झाकलेले. डावीकडे नळी, उजवीकडे नळी, दोन्हीकडे चार-चार बोल्ट करकचून आवळलेले. मान वळवायची सोय नाही.

माझा जन्म १९२४ साली विलायतेतल्या एका ओतशाळेत झाला. तिथल्या कारागिराने माझ्या पोटात सुईसारख्या टोकाचा एक दांडा बसवला आणि डोक्यावर एक लहानसे चाक दिले. चाक फिरवले की सुई वरखाली होते आणि माझा घसा उघडतो किंवा मिटतो. पेटीत भरण्याआधी मी दोन दिवस खिडकीशी पडून होतो. उघड्यावर काढलेले माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस. पुढे मुंबईच्या एका बर्फखान्यात सहा-सात वर्षे काढली आणि १९३१ साली जुन्या यंत्रासकट मी रत्नागिरीला विकला गेलो. आगबोटीतून पडावात आणि पडावातून मांडवीच्या वाळूत असा माझा प्रवास झाला. समुद्र केवढा असतो ते मला पेटीच्या फटीतून बोटभर दिसले.

माझे काम काय ते सांगतो. अमोनिया नावाचा एक उग्र वासाचा वायू असतो. यंत्र त्याला दाबते, विहिरीच्या पाण्याने निववते, आणि त्याचा द्रव होतो. तो द्रव जोराने माझ्यावर येऊन आदळतो. माझ्या घशात केसाएवढी फट असते, तिच्यातून तो पलीकडे निसटतो. पलीकडे मोकळी जागा मिळाली की तो उकळतो, पुन्हा वायू होतो आणि भोवतालची सगळी ऊब ओढून घेतो. त्या गारठ्याने मिठाच्या पाण्याची टाकी थंड होते, टाकीत सोडलेले गोड्या पाण्याचे डबे गोठतात आणि बर्फाच्या लाद्या निघतात. त्या लाद्या मासळीबरोबर गलबतातून थेट मुंबईला जातात. सगळे जातात, सगळे सुटतात. एका बाजूने रेटा आणि दुसऱ्या बाजूने हिव, यांच्या मध्ये मी तेवढा तिथेच.

मला हात नाहीत, पाय नाहीत, पण आवाज आहे. द्रव नीट येत असला की मी एकसारखा ‘सूंऽऽ’ करत राहतो. साठा कमी झाला, म्हणजे द्रवात वायूचे बुडबुडे मिसळले, की मी तापल्या तव्यावर पाण्याचे शिंतोडे पडावेत तसा थांबून थांबून ‘फट् फट्’ करतो. घसा वाजवीपेक्षा जास्त उघडा राहिला तर आवाज जाड आणि ओला होतो. एखादी गंजाची कणी अडकली तर मी बारीक शीळ घालतो. यंत्राचे पोट दुखते की डोके, ते सगळे माझ्या आवाजावरून ओळखता येते. मात्र इंजिनाची धडधड आणि पट्ट्याची फडफड यांच्यात माझा आवाज ऐकणार कोण? मुंबईत कोणी ऐकला नाही. तिथे सगळे काट्यांच्या तबकड्या बघत आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहत.

रत्नागिरीत मला हरिश्चंद्र मिस्त्री भेटला.

हरिश्चंद्र मांडवीचाच. एकोणीस वर्षे तो मोठ्या जहाजांच्या इंजिनघरात तेलवाला होता. त्याच्याजवळ फणसाच्या लाकडाची हातभर काठी होती. तिचे एक टोक तो माझ्या मानेला टेकवी, दुसरे दातांत घट्ट धरी आणि डोळे मिटून उभा राही. बघणाऱ्यांना वाटे, हा काही जहाजावरचा मंत्र आहे. कामगार चेष्टा करीत. “मिस्त्री यंत्राला खातो का काय?” असे रघू इंजिनवाला हसत म्हणे. हरिश्चंद्रही सगळ्यांबरोबर हसे.

खरी गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली. काठी टेकवण्यापूर्वी त्याने कान माझ्याजवळ आणला होता. मी जीव तोडून ‘सूंऽऽ’ करत होतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. मित्रांनो, इंजिनघराच्या गडगडाटाने त्याचे दोन्ही कान गेले होते. त्याच कारणाने त्याला जहाजावरून उतरवले होते. काठीतून माझी थरथर दातांत, दातांतून डोक्याच्या हाडांत जाई, आणि तिथे ती त्याला ऐकू येई. माणसांचे बोलणे तो ओठांवरून ओळखी. नाहीच ओळखले तर मान डोलावी. बहिरा माणूस यंत्रावर कोण ठेवणार? म्हणून त्याने ही गोष्ट झाकून ठेवली होती. ती त्याच्या बायकोला, मथुरेला, ठाऊक होती आणि मला. दोघांपैकी एकाला बोलता येत नव्हते आणि दुसरी बोलणारी नव्हती.

मला त्याचा फार लळा लागला, हे मी उघड सांगतो. मी नळीत कोंडलेला आणि तो त्याच्या गुपितात. एकदा माझ्या आवाजात नुसती चार-सहा शिंतोड्यांची फटफट मिसळली होती, तेवढ्यावरून त्याने ओळखले की वायू कुठेतरी गळतो आहे. गंधकाची वात पेटवून तो सांध्यासांध्यावरून फिरवत गेला आणि एका जोडावर गळता अमोनिया तिला भेटून पांढरा धूर उठला. बर्फखान्याचे मालक आत्मारामशेट इतके खूश झाले की त्यांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली. त्या दसऱ्याला सगळ्यांनी इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या. हरिश्चंद्राने एक फूल माझ्या डोक्यावर ठेवले. ते तिथेच गोठले आणि कितीतरी दिवस टवटवीत राहिले. माझे तेवढेच कौतुक झाले, पण ते मला पुरले.

कौतुकाचा एक तोटा झाला. दाब दाखवणारी तबकडी खाऱ्या हवेने गंजली आणि तिचा काटा एका जागी चिकटून बसला. नवी मागवा असे सांगितल्यावर आत्मारामशेट म्हणाले, “मिस्त्री असताना तबकडी कशाला?” शेटचा खरा धंदा खोबऱ्याचा आणि तेलाचा. बर्फखाना ही त्यांची हौस होती, आणि हौसेवर ते हात राखूनच खर्च करीत.

आता १९३५ सालची गोष्ट ऐका. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढलेली असतात, तेव्हा बर्फखानाही बंद असतो. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहिला, आणि यंत्र सुरू झाले. आगबोटी मात्र अजून लागल्या नव्हत्या, त्यामुळे मुंबईहून येणारे यंत्राचे तेल आले नव्हते. त्यातच हरिश्चंद्र दोन दिवस बहिणीकडे पूर्णगडला गेला. मागे रघूने डबा उपडा केला तर तेलाचा थेंब निघेना. तो शेटकडे गेला. शेटने आपल्या घाण्यावरचे ताजे खोबरेल डबाभर काढून दिले. “तेल ते तेल,” ते म्हणाले. “आमच्या घरात शिवणयंत्रापासून रहाटापर्यंत हेच घालतात. मिस्त्रीच्या कानावर घाल म्हणजे झालं.”

हरिश्चंद्र परत आला तेव्हा इंजिन चालू होते. रघू वाकून पट्टा बघत होता. पाठमोराच तो म्हणाला, “हरिदादा, शेटनी खोबरेल दिलान, ताच घातला हाय. चालेल ना?” हरिश्चंद्राला रघूची पाठ दिसली, खांदे हललेले दिसले. काहीतरी विचारले असावे असे वाटून त्याने नेहमीसारखी मान डोलावली. रघूने वळून ती डोलावलेली मान पाहिली आणि तो निश्चिंत झाला.

मी सगळे ऐकले. मी ओरडलो असतो, पण माझे ओरडणे म्हणजे ‘सूंऽऽ’. त्याच्यात ‘खोबरेल’ कुठून येणार?

हिवाळ्यात खोबरेल बाटलीत थिजते हे तुम्ही पाहिले आहे. माझ्या घशात तर यंत्र चालू असेतो हिवाळ्याच्या वरताण हिव. यंत्रातून वायूबरोबर ते तेल थोडे थोडे माझ्यापर्यंत आले आणि अमोनियाशी मिळून लोण्यासारखे घट्ट बसू लागले. पहिल्यांदा माझा आवाज बारीक झाला. मग घरघरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो साफ बंद पडला. मागून द्रवाचा रेटा आणि घशात हा बोळा. आजवर मी नळीत अडकलो होतो, पण श्वास चालू होता. आता मी स्वतःच्या आतही कोंडला गेलो. मला खरोखर भीती वाटली.

हरिश्चंद्र आला, काठी टेकवली, दातांत धरली. काहीच नाही. त्याने जागा बदलली, पुन्हा धरली. त्याच्या कपाळावर घाम आला. मला वाटले, आता हा ओळखणार, आता माझे चाक फिरवणार. पण तो काठी खाली ठेवून भिंतीला टेकला आणि तळव्याने जबडा चाचपू लागला.

मित्रांनो, त्याच्या मनात काय आले ते मला त्या चाचपण्यावरून कळले. कान गेले तसे आता दातांतले ऐकणेही गेले, अशी त्याची समजूत झाली. माझ्यात बिघाड असेल हे त्याच्या डोक्यातच आले नाही. ज्याला आपल्या उणेपणाची सदा भीती असते, तो सगळा दोष आधी स्वतःच्याच पदरात घेतो.

तेवढ्यात शेट आले. “मिस्त्री, डब्यांत नुसता चिखल झालाय. बर्फ का धरत नाही?”

हरिश्चंद्राने त्यांचे ओठ वाचले. “विहिरीचा पाणी कोमट हाय, शेट. बाकी सगळा ठीक हाय.”

आयुष्यात तो माझ्याबद्दल पहिल्यांदा खोटे बोलला. मला राग आला नाही. मला त्याची कीव आली, आणि स्वतःची जास्त आली.

दुपार झाली. बाहेर गंगाराम तांडेल आणि आणखी चार गलबतांचे तांडेल टोपल्या घेऊन खोळंबले होते. मासळी गलबतांवर चढली होती, आणि संध्याकाळच्या ओहोटीला बर्फ मिळाला नाही तर सगळी सडणार होती. अशात मथुरा नवऱ्याची भाकरी घेऊन आली. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि फडके न सोडताच विचारले, “काय झाला?”

त्याने माझ्याकडे बोट दाखवले, मग आपल्या दातांकडे, आणि हात हलवून ‘संपले’ अशी खूण केली. त्याचे डोळे भरून आले होते.

मथुरेने भाकरी खाली ठेवली. मग तिने काठी उचलून त्याच्या दातांत दिली आणि दुसरे टोक माझ्यावर न टेकवता सरळ इंजिनाच्या बैठकीवर टेकवले. हरिश्चंद्र दचकला. त्याचे डोळे मोठे झाले. इंजिनाची धडधड त्याच्या डोक्यात लख्ख ऐकू येत होती!

मथुरेने काठीचे टोक पुन्हा माझ्यावर आणले. शांत. पुन्हा इंजिनावर. धडधड. तिने त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन सावकाश सांगितले, “अवो, तुमचे दात शाबूत हायत. ह्योच मुको झालाय.”

एवढी साधी गोष्ट! यंत्र त्याच्या हाताखाली होते, काठी हातात होती, अर्धा दिवस हाताशी होता. पण काठी दुसरीकडे टेकवून पाहायला तो धजला नव्हता. तिथेही काही ऐकू आले नसते तर, या धास्तीने त्याला खिळून ठेवले होते.

मग मात्र त्याचे हात असे चालले की बघत राहावे. माझ्या आधीची चावी त्याने बंद केली, पलीकडचा वायू यंत्राकडून ओढून घेतला, इंजिन थांबवले, माझ्या पुढचीही चावी आवळली. तोंडाला ओले फडके बांधून त्याने माझे चाक, नट, दांडा सगळे उतरवले. अमोनियाच्या वासाने रघू आणि मथुरा खोकत होती. माझ्या उघड्या पोटात उजेड शिरला. नळीत बसवल्यापासून तो पहिलाच. हरिश्चंद्राने तारेने माझ्या घशातून पांढरा गोळा ओढून काढला आणि तो गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला.

मथुरेने तो गोळा बोटांत चोळला. जरा ऊब लागताच तो तेलकट होऊन पाघळला. तिने ते हातावर पसरून पाहिले. “ह्या खोबरेल हाय,” ती म्हणाली. “दुसरा काय नाय.”

शेट दारातच उभे होते, आणि त्यांच्या मागे तांडेल. खोबरेल हा शब्द ऐकताच शेटचा चेहरा उतरला. चार माणसांसमोर आपली चूक कोणाला आवडते? ते रघूवर उखडले. “मिस्त्रीला विचारल्याशिवाय घातलंस ना? तुला सांगितलं होतं की नाही?”

“इचारला शेट, आयशीशपथ!” रघू काकुळतीला आला. “हरिदादांनी मान डोलावलानी. म्हणून तर घातलेला तसाच ठेवला.”

“काय मिस्त्री? तू हो म्हणालास? एकोणीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस यंत्रात खोबरेल घालायला हो म्हणेल? हा खोटं बोलतोय. रघू, उद्यापासून येऊ नकोस.”

रघूला दोन मुले होती आणि घरात तो एकटा मिळवता होता. तो नुसता हरिश्चंद्राकडे बघत राहिला.

हरिश्चंद्राने सगळ्यांचे ओठ वाचले होते. ‘नाही’ म्हणून मान हलवली असती की तो सुटला असता. गुपित राहिले असते, नोकरी राहिली असती, उलट मान वाढला असता. मी उघड्या पोटाने त्याच्याकडे बघत होतो. पाना त्याच्या हातातच होता.

मग तो शेटजवळ गेला आणि त्यांच्या कानाशी लागला. त्याला वाटले, आपण कुजबुजतो आहोत. पण मित्रांनो, ज्याला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही त्याला कुजबूज कशी जमणार? इंजिन बंद होते आणि सगळे गप्प होते. त्याचा आवाज जहाजाच्या भोंग्यासारखा घुमला, थेट बंदरावरच्या टोपल्यांपर्यंत.

“शेट, कोणाला सांगू नका! मी बहिरा हाय! रघूनी सांगलान आसल, माला आयकू आला नाय! मी उगीच मान डोलावली! त्याला काढू नका, माला काढा!”

कोणी हसले नाही. हरिश्चंद्र मात्र मागे सरला तेव्हा सगळ्यांचे चेहरे पाहून काय झाले ते त्याच्या लक्षात आले. त्याने मान खाली घातली आणि पाना खाली ठेवला.

गंगाराम तांडेल पुढे झाला. त्याने तो पाना उचलून हरिश्चंद्राच्या हातात दिला आणि शेटना म्हणाला, “आमी वाऱ्यात शिडाखाली काय आयकताव? सुकाणूवरचो हात दाखवता, डोलकाठीवरचो समजता. कान कोणाचे चालतत दर्यात? आमाला ओहोटीच्या आधी बर्फ व्हयो. ह्याच्या हातचो व्हयो.”

शेट दारातून आत आले. मग हरिश्चंद्रासमोर जाऊन, ओठ नीट दिसतील असे उभे राहून ते म्हणाले, “तेल मी दिलं. चूक माझी.” बायकोसमोरसुद्धा ते असे कधी बोलले नसतील.

भाताच्या गिरणीतून यंत्राचे तेल आणले. खोबरेल काढून टाकले, मला पुसून जोडले. त्या दिवशी ओहोटीला बर्फ झाला नाही, पाचही गलबतांची मासळी शेटनी पदरचे पैसे देऊन खारवायला घेतली. पण अंधार पडायच्या आत माझा ‘सूंऽऽ’ सुरू झाला होता. हरिश्चंद्राने काठी दातांत धरली, डोळे मिटले आणि कोणी बघते आहे की नाही याची पर्वा न करता रडला. मग त्याने ती काठी धोतराला पुसून रघूला दिली आणि म्हणाला, “चाव.” इतकी वर्षे गुपित फुटेल म्हणून त्याने ती कोणाच्या हाती दिली नव्हती. रघूने चावली, आणि त्याच्या तोंडावर असे काही नवल उमटले की मला माझाच अभिमान वाटला.

आज १९३९ साल आहे. माझी सुई झिजली आहे. आपोआप उघडणारा नवा व्हॉल्व मुंबईहून येणार आहे असे ऐकतो. तो आला की मला नळीतून सोडवतील. सोडवतील म्हणजे भंगारात टाकतील. माझ्यासारख्याला सुटका मिळते ती अशी.

जाण्याआधी एक मागणे आहे. घरातले यंत्र, गोठ्यातले जनावर किंवा शेजारचा माणूस रोजचा आवाज करेनासा झाला, तर जवळ जाऊन बघा. त्याचा घसा कशाने तरी भरला असेल. आणि तुम्हाला एखादी गोष्ट ऐकू आली नाही, समजली नाही, तर मान डोलावू नका. ‘पुन्हा सांग’ एवढेच म्हणा. हे दोन शब्द म्हणायची लाज वाटली म्हणून एक भला माणूस चार वर्षे कोंडून राहिला. मित्रांनो, मला तर बोल्ट आवळले होते. त्याला कोणीच आवळले नव्हते.